स्नेहाची निगा

संस्कृत भाषेत ‘स्नेह’ या एकाच शब्दाने तेल, तूप इत्यादी स्निग्ध पदार्थांचाही बोध होतो आणि मायेचाही. हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात, यात मोठे व्यवहारज्ञान आहे. समईत तेल एकदा घातले म्हणजे ती जन्मभर जळत राहील, असे कोणी समजत नाही. दिवेलागण झाली की घरातील कोणीतरी तेल पाहते, वात पुढे सारते, काजळी झाडते. मायेविषयी मात्र आपली समजूत नेमकी उलट असते. भाऊ आहे तो भाऊच राहणार, पत्नी आहे ती कोठे जाणार, अशा भरवशावर आपण वर्षानुवर्षे काजळी झाडीत नाही. आणि एके दिवशी ज्योत मालवली म्हणजे दैवास बोल लावतो.

आमच्या वयाचे पुष्कळ गृहस्थ याचा दोष काळाच्या माथी मारतात. पूर्वी माणसे प्रेमळ होती, हल्ली सर्वांस पैसाच दिसतो, असे त्यांचे म्हणणे. हा सिद्धान्त आम्हास मान्य नाही. पूर्वीही घरे फुटत आणि हल्लीही जुळतात. आमच्या मते नात्यास दोनच गोष्टी लागतात: स्पष्ट बोलणे आणि नित्य वेळ. या दोहोंसही पैसा पडत नाही. मग त्यांची टंचाई का, एवढाच विचार करावयाचा आहे. आणि त्यास आम्हा सातारा-सांगलीकरांना फार दूर जावयास नको.

सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा कृष्णेस मिळते. हा संगम म्हणजे दोन भावांच्या वाटणीची खूण आहे, हे तेथे फिरावयास जाणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. सन १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हापासून छत्रपतींच्या घराण्यात जो कलह माजला, तो पुढे सातारचे शाहू महाराज व कोल्हापूरचे संभाजी महाराज या दोघा चुलतभावांच्या वाट्यास आला. दोघेही शिवछत्रपतींचे नातू. अखेर कराडजवळ जखिणवाडी येथे उभयतांची समक्ष भेट झाली, आणि तदनंतर १७३१ साली तह होऊन वारणेच्या उत्तरेकडे सातारा व दक्षिणेकडे कोल्हापूर अशी मर्यादा ठरली. यातील क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. आधी भेट, मग कागद. आपल्याकडे बहुधा आधी कागद येतो, तोही वकिलामार्फत. आणि भेट व्हावयाची ती कचेरीच्या पायरीवर.

खुद्द सांगलीचे संस्थानही वाटणीतूनच जन्मास आले. मिरजेच्या पटवर्धनांत गंगाधरराव हे काका आणि चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब हे पुतणे. त्यांचे पटेना म्हणून १८०१ च्या सुमारास पुतण्याने वेगळे होऊन कृष्णाकाठच्या या लहानशा गावी आपली गादी स्थापिली. आज ज्या गणपतीमुळे सांगलीची ओळख आहे, त्याचे देऊळही त्यांनीच उभारले. फार काय, सांगली जिल्हादेखील १९४९ साली साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ या नावाने निराळा निघाला आणि १९६० पासून त्यास सांगली हे नाव मिळाले. सांगावयाचे एवढेच की, वाटणी झाली म्हणजे नाते मेले असे मानण्याचे कारण नाही. नाते मरते ते न बोललेल्या वाटणीने.

ही गोष्ट भावाभावांत आता बरीचशी उमगली आहे. भावाबहिणींत मात्र अद्याप उमगावयाची आहे. ‘भगिनी’ या शब्दाच्या पोटात ‘भग’ आहे. भग म्हणजे भाग्य, आणि त्याच्या मुळाशी ‘भज्’ हा वाटणे या अर्थाचा धातू आहे. म्हणजे बहीण या नात्याच्या नावातच वाटा दडलेला आहे. भाषेस जे सुचले ते कायद्यास सुचावयास फार दिवस लागले. महाराष्ट्राने १९९४ साली, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता, वडिलोपार्जित मिळकतीत मुलास व मुलीस सारखा हक्क दिला. संसदेने २००५ साली तो सर्व देशभर व विवाहित मुलींसही लागू केला. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की हा हक्क जन्मसिद्ध आहे. २००५ साली वडील हयात होते की नव्हते, हा प्रश्न त्यात उपस्थित होत नाही.

कायदा झाला, परंतु त्याबरोबर एक कागदही घरोघर फिरू लागला. त्याचे नाव हक्कसोडपत्र. बहिणीने आपला वाटा भावास सोडून दिला, असे लिहून दुय्यम निबंधकापुढे नोंदवावयाचे. बहिणीने राजीखुशीने वाटा सोडला तर त्यात गैर काहीच नाही. कित्येक बहिणी मोठ्या मनाने सोडतात. परंतु हा कागद एकदा नोंदला गेला की सहजी फिरविता येत नाही, आणि म्हणूनच तो कसा पुढे केला जातो, यास महत्त्व आहे.

आमच्या पाहण्यातील दोन घरे सांगतो. एका घरी बहिणीस देवदर्शनासाठी म्हणून साताऱ्यास बोलाविले, आणि परतताना वाटेत गाडी कचेरीशी थांबली. ‘नुसती सही आहे’, असे सांगण्यात आले. तिने सही केली. त्यानंतरही भाऊबिजेस ती येते, ओवाळते, ताटात पूर्वीपेक्षा जाड पाकीट पडते. पण आल्या गाडीने ती परत जाते. राहावयास म्हणून ती त्या घरी पुन्हा आलेली नाही. दुसऱ्या घरचा धाकटा भाऊ स्वतः सांगलीस बहिणीकडे गेला. दोन दिवस राहिला. सात-बाराचे उतारे, घराचे कागद सर्व तिच्यापुढे मांडून म्हणाला, “अक्का, तू हे सगळे सावकाश वाच. भाऊजींनाही वाचू दे. सही केलीच पाहिजेस असे नाही.” अक्कांनी चार दिवस विचार केला. जमिनीतील वाटा त्यांनी सोडला. मात्र घरातील माडीची एक खोली आपल्या नावे राहावी, एवढे मागून घेतले. भावाने ती रंगवून दिली. आज उन्हाळ्यात नातवंडे त्या खोलीत झोपतात, आणि ती खोली कोणाची, हा प्रश्न त्या घरात कोणीही विचारीत नाही, कारण तो एकदा नीट विचारला गेला आहे.

पहिल्या घरी पाकीट जाड झाले आणि माहेर पातळ झाले. दुसऱ्या घरी एक खोली गेली आणि माहेर राहिले. ओवाळणी ही मायेची खूण आहे, घेतलेल्या वाट्याची पावती नव्हे. ज्या दिवशी तिला पावतीचे रूप येते, त्या दिवशी निरांजन हाती असूनही ओवाळणारीचे मन विझलेले असते.

स्पष्ट बोलण्याविषयी येथवर झाले. आता नित्य वेळेविषयी. भाऊबीज वर्षातून एकदा येते, आणि एका दिवसात वर्षाचे तेल घालता येत नाही. हरिपूरचा परिसर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद घालून तोंड बंद केले म्हणजे ती वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवांची हानी केली. हळद अशी पेवात ठेवता येते, माया ठेवता येत नाही. तिला उघड्या हवेची व रोजच्या हाताची गरज असते. बहिणीस दर रविवारी ठरल्या वेळी दूरध्वनी करावा. कारण नसताना करावा, कारण कारणापुरता केलेला दूरध्वनी म्हणजे काम होय, भेट नव्हे. राज्य परिवहनाच्या गाडीत मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्मे भाडे पडते. तेव्हा सांगलीहून साताऱ्यास माहेरी येण्याची अडचण तिकिटाची राहिलेली नाही. ‘ये’ म्हणणाऱ्याची राहिली आहे.

भावंडांचे नाते जन्माने मिळते. पतिपत्नींचे जोडावे लागते. तेथे या दोन गोष्टींची गरज दुप्पट, आणि सुरुवात विवाहापूर्वीच. या बाबतीतही हरिपूरचा इतिहास बोलका आहे. गोविंद बल्लाळ देवल हे याच हरिपूरचे. त्यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या बळावर म्हाताऱ्याने कोवळ्या मुलीशी लग्न लावावे आणि तिचे मन कोणी विचारू नये, या रूढीवर त्यांनी जो प्रहार केला, तो महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच्याही आधी, १८४३ साली, विष्णुदास भावे यांनी सांगलीत मराठी नाटकाचा जो पहिला प्रयोग केला तो ‘सीतास्वयंवरा’चा. वधूची पसंती हा विषय सांगलीस असा प्रारंभापासून परिचित आहे.

हल्ली सुशिक्षित घरांतून मुलामुलींस विवाहापूर्वी एकमेकांस भेटू देतात. ही चाल आम्हास इष्ट वाटते. चहापोह्यांच्या तासाभरात चौदा माणसांच्या देखत जे कळत नाही, ते दहा भेटींत कळते. परंतु या भेटींभोवती खर्चाचे एक निराळेच कर्मकांड उभे राहिले आहे. महागडे उपाहारगृह, महागडी भेटवस्तू, तीही प्रत्येक खेपेस मागल्याहून सरस. नुकता नोकरीस लागलेला मुलगा त्यासाठी कर्ज काढतो, आणि मुलगी त्या उपकाराखाली मोकळेपणी ‘नाही’ म्हणू शकत नाही. ज्या भेटीत नकार देता येत नाही, ती भेट कितीही रम्य असो, शारदेच्या काळाहून फारशी पुढे गेलेली नाही.

अशा तरुणांस आमचे सांगणे असे की, चालावयास जा. सांगलीत आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे. सायंकाळी त्यावरून कृष्णा पाहात जावे, अथवा हरिपूरच्या वाटेने संगमावर. साताऱ्यात अजिंक्यतारा आहे, चार भिंती आहेत, आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. एकाकडे भडंगाची पुडी असावी, दुसऱ्याकडे कंदी पेढे असावेत. म्हणजे खर्चही निम्मा-निम्मा. चालताना माणसे समोरासमोर नसतात, शेजारी असतात; त्यामुळे परीक्षेचा भाव जातो आणि अवघड गोष्टी सहज बोलता येतात. गड चढताना दुसरा दमला असता हा थांबतो की पुढे जातो, भडंगवाल्याशी ही कोणत्या स्वरात बोलते, हे कोणत्याही पत्रिकेत लिहिलेले नसते. आणि बोलावयाचे ते स्पष्टच बोलावे. डोक्यावर कर्ज किती, आईवडिलांची जबाबदारी कोणाची, नोकरी कोणत्या गावी, मुले हवीत की नकोत, या गोष्टी लग्नानंतर कळल्या तर त्यांचे भांडण होते. आधी कळल्या तर त्यांचा विचार होतो.

लग्न झाल्यावर वेळ कसा द्यावा, याचे एक उदाहरण आमच्याच मातीतील आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ चा, देवराष्ट्रे येथील. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. २ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला. दोनच महिन्यांत चळवळ पेटली आणि ते भूमिगत झाले. १९४३ च्या प्रारंभी वेणूताईंसही अटक झाली. संसाराचा आरंभ असा विरहाने झाला. पुढे मंत्रिपदे आली, परदेशचे दौरे आले. परंतु त्या दौऱ्यांत राज्यकारभाराच्या धबडग्यातून वेळ काढून ते वेणूताईंस सविस्तर पत्रे लिहीत. ती ‘विदेश दर्शन’ या नावाने ग्रंथरूप झाली आहेत. १ जून १९८३ रोजी वेणूताई निवर्तल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव. कराड येथे पत्नीच्या नावाचे स्मारक उभे आहे. यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह तेथेच आहे. देशाचा कारभार पाहणाऱ्यास पत्र लिहिण्यास वेळ सापडला. मग एका शहरात, एका छताखाली राहणाऱ्या आपणांस ‘कामामुळे बोलणे होत नाही’, असे म्हणण्याचा अधिकार कितपत आहे, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

आमची सूचना लहान आहे. ज्या घरी मिळकतीची गोष्ट टाळली जात आहे, तेथे वडीलधाऱ्यांनी हयात असतानाच मुलांना व मुलींना एकत्र बसवून ती काढावी. ज्या जोडप्याचे बोलणे किराणा आणि शाळेची फी यांपुरते उरले आहे, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ भ्रमणध्वनी घरी ठेवून नदीकाठी काढावी. आणि ज्या भावास बहिणीचा आवाज ऐकून महिना लोटला असेल, त्याने दिवाळीची वाट पाहू नये. आजचा दिवस त्यास पुरेसा शुभ आहे.