शरदांतील चावडी : दुष्काळ ठरतो कसा?



घटस्थापना झाली, शेताच्या बांधावरची माती आणून घट बसले, कीं पुण्या-मुंबईस राहणारे आमचे कडेगांवकर स्नेही आणि जुने विद्यार्थी एकच प्रश्न विचारूं लागतात : "गुरुजी, यंदा गांवाकडे पीकपाणी कसें काय?" माझें उत्तर बहुधा एका वाक्याचें असतें. परंतु ह्याच प्रश्नाचें उत्तर सरकारदरबारीं नोंदविण्यासाठीं आश्विन-कार्तिकांत केवढी यातायात चाललेली असते, ह्याची कल्पना शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना फारशी नसते. वर्तमानपत्रांत 'अमुक तालुक्यांत दुष्काळ जाहीर' असा चार ओळींचा मजकूर येतो, आणि तो वाचून आपण पान उलटतों. दुष्काळ पडतो शेतांत. पण तो कागदावर उमटल्यावांचून त्याचें निवारण सुरू होत नाहीं. तो कागदावर कसा उमटतो, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

कडेगांव हें पूर्वीं सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यांतील गांव. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें, आणि चालू शतकांत खानापूर तालुक्याचे दोन भाग होऊन कडेगांव स्वतःच तालुक्याचें ठाणें बनलें. यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव देवराष्ट्रें ह्याच तालुक्यांत येतें. बाहेरच्यांना कडेगांव ठाऊक असतें तें मोहरमांतील गगनचुंबी ताबुतांमुळें, आणि ते उचलावयास हिंदू-मुसलमान दोघेही खांदा देतात ह्यामुळें. पाण्याच्या बाबतींत मात्र आमची कीर्ति तितकी उंच नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून कडेगांव सरळ रेषेंत शंभर किलोमीटरांच्या आसपास. पण ढग डोंगरापलीकडेच रिते होतात, आणि आम्हांला त्याच्या दहाव्या हिश्श्यावर समाधान मानावें लागतें. तेवढाही वेळेवर आला तर तक्रार नाहीं. मृगांत पेरणी व्हावी, श्रावणांत झड लागावी, आणि शेवटीं हस्ताचा पाऊस शाळूच्या पेरणीपुरती ओल देऊन जावा, एवढीच आमच्याकडची अपेक्षा. ह्यांतील मधली झड चुकली कीं खरीप गेला, शेवटची चुकली कीं रब्बी गेला.

आतां, पीक गेलें हें शेतकरी डोळ्यांनीं पाहतो. सरकारला तें आंकड्यांत पाहावें लागतें. त्यासाठीं जुन्या काळापासून चालत आलेली रीत म्हणजे आणेवारी. रुपयाचे आणे सोळा; पीक पुरें आलें तर सोळा आणे, निम्में आलें तर आठ आणे, असा हा साधा हिशेब. ह्या आण्यांवर केवढे प्रसंग गुदरले आहेत! १९१८ सालीं गुजराथेंत खेडा जिल्ह्यांत गांधीजींनीं जो सत्याग्रह केला, त्याचें मूळ ह्या आणेवारींतच होतें. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलें तर त्या वर्षीं साऱ्याची वसुली तहकूब करावी असा नियम होता. रयत म्हणे पीक चार आण्यांच्या आंत आहे. अधिकारी म्हणत त्याहून अधिक आहे. एका आण्याच्या फरकावर शेंकडों कुटुंबांच्या गुरांची आणि भांड्यांची जप्ती अवलंबून होती.

१९५७ सालीं दशमान नाणें आलें, रुपयाचे पैसे शंभर झाले, आणि आणेवारीची पैसेवारी झाली. (आमच्याकडचीं वृद्ध माणसें अजूनही आणेवारीच म्हणतात, आणि मलाही तोच शब्द जिभेवर येतो.) पीक पन्नास पैशांच्या आंत तर गांव टंचाईचें, त्याच्या वर तर नाहीं. मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. परंतु ज्या परीक्षेंत पन्नासाहून कमी गुण मिळावे म्हणून सारा गांव देव पाण्यांत घालून बसतो, अशी परीक्षा ही एकच पाहिली.

हे गुण द्यावयाचे कोणी? गांवोगांव त्यासाठीं समिति असते. तींत महसूल खात्याचे मंडळ अधिकारी, आपण ज्यांना तलाठी म्हणत आलों ते, सरपंच, आणि कांहीं शेतकरी असतात. पहिला अंदाज केवळ नजरेचा. उभें पीक पाहून तो ३० सप्टेंबरला प्रसिद्ध होतो. ३१ ऑक्टोबरला सुधारलेला अंदाज येतो. मग प्रत्यक्ष कापणीचे प्रयोग होतात. निवडलेल्या शेतांत, ज्वारी-बाजरीसारख्या पिकांत बहुधा दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद असा तुकडा दोरीनें आंखून घ्यावयाचा, त्यांतील पीक कापावयाचें, मळावयाचें आणि वजन करावयाचें; ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाशीं तें ताडून पैसे काढावयाचे. आमच्या पुणें विभागांत खरिपाचा शेवटचा आंकडा १५ डिसेंबरला जाहीर होतो.

रीत शास्त्रशुद्ध दिसते. अडचण असते ती तुकडा कोठें आंखला ह्यांत. मी एका लहानशा गांवीं शिक्षक असतांना असा प्रयोग पाहावयास मुलांना घेऊन गेलों होतों. गणिताचा पाठ आपोआप होईल हा हेतु. दोरी लावली ती ओढ्याकांठच्या, विहिरीच्या पाण्यावर पोसलेल्या रानांत. एका मुलानें मोठ्यानें विचारलें, "गुरुजी, आमच्या माळाचं मोजणार न्हाईत व्हय?" कोणीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. त्या वर्षीं त्या गांवाची पैसेवारी पन्नासाच्या वर दोन-तीन पैसे अधिक निघाली. कोणाचा वाईट हेतु होता असें मी म्हणत नाहीं. ओढ्याजवळचें रान रस्त्यालगत होतें, आणि ऊन फार होतें.

ह्या व अशा तक्रारींमुळेंच असेल, केंद्र सरकारनें २०१६ सालीं दुष्काळाची नवी संहिता केली आणि महाराष्ट्र शासनानें पुढील वर्षीं ती स्वीकारली. तेव्हांपासून पैसेवारी निघते, परंतु दुष्काळ जाहीर करण्याचा निर्णय एकट्या तिच्यावर राहिलेला नाहीं. आतां पहिली पायरी पावसाची. तालुक्याची सरासरी किती, प्रत्यक्ष पडला किती, आणि मध्यें तीन-चार आठवड्यांचा खंड पडला काय, हें पाहतात. दुसऱ्या पायरीवर पेरणी किती झाली, उपग्रहाच्या छायाचित्रांत वनस्पतींची हिरवाई कितपत दिसते, जमिनींत ओल किती, विहिरींची पातळी आणि तलावांतील सांठा किती, ह्यांचा विचार होतो. ह्या दोन्ही चाळण्यांतून जो तालुका खालीं उतरेल, त्यांतील शेंकडा दहा गांवें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडून तेथील शेतांची प्रत्यक्ष पाहणी करतात. नुकसान शेंकडा तेहतिसांच्या वर असेल तर दुष्काळ मध्यम, पन्नासांच्या वर असेल तर गंभीर. खरिपापुरता हा सारा व्याप ऑक्टोबर संपेपर्यंत उरकावयाचा असतो. म्हणजे आपण दिवाळीच्या फराळाच्या गडबडींत असतों, त्याच दिवसांत गांवाच्या पुढल्या उन्हाळ्याचा निकाल लागत असतो.

२०२३ सालीं असेंच झालें. ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरला शासनानें राज्यांतील चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत सांगली जिल्ह्यांतील चार तालुके होते : कडेगांव, खानापूर, मिरज आणि शिराळा. यादी वाचून चावडीवर बसलेली मंडळी चक्रावली. शिराळा म्हणजे चांदोलीच्या रानाचा, भातशेतीचा, जिल्ह्यांतील सर्वांत ओला तालुका. त्याचें नांव यादींत, आणि पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचें दुसरें नांव म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवावें ते जत आणि आटपाडी यादीबाहेर! कोणी म्हणालें छपाईंत चूक झाली, कोणी म्हणालें ह्यांत राजकारण आहे.

राजकारणाचें मला ठाऊक नाहीं. परंतु गणित समजून घेतल्यास अर्धें कोडें सुटतें. पावसाची तूट मोजतात ती त्या-त्या तालुक्याच्या स्वतःच्या सरासरीशीं, शेजाऱ्याच्या पावसाशीं नव्हे. समजा, एका तालुक्याची सरासरी हजार मिलिमीटर आहे आणि तेथें सहाशें पडला. तूट शेंकडा चाळीस. दुसऱ्याची सरासरी पांचशें आणि तेथें चारशें पडला. तूट शेंकडा वीस. कागदावर पहिला अधिक दुष्काळी, जरी त्याच्याकडे दुसऱ्यापेक्षां दोनशें मिलिमीटर अधिक पाणी पडलें आहे. भाताला सहाशें मिलिमीटर पुरत नाहीं हें खरें, तेव्हां पहिल्याचें दुःखही खोटें नव्हे. पण जो नेहमींच उपाशी असतो त्याची उपासमार अशा हिशेबांत कमी दिसते, ही ह्या रीतींतील मोठी उणीव होय असें माझें मत आहे. ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२३ च्या पूर्वार्धांत शासनानें उरलेल्या तालुक्यांतील नऊशेंहून अधिक महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश' स्थिति मान्य केली. त्यासाठीं सरासरीच्या शेंकडा पंचाहत्तरांहून कमी आणि एकूण साडेसातशें मिलिमीटरांहून कमी असा दुहेरी निकष लावला. हा दुसरा निकष शहाणपणाचा. कारण त्यांत पाण्याचें प्रत्यक्ष मापही आलें.

'दुष्काळ' ह्या एका शब्दानें घरांत काय येतें? रोख रक्कम लगेच हातीं पडत नाहीं. सवलती आठ प्रकारच्या : जमीन महसुलांत सूट, पीककर्जाचें पुनर्गठन, शेतीशीं निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, शेतीपंपाच्या चालू वीजबिलांत शेंकडा साडेतेहतीस सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षाशुल्काची माफी, रोजगार हमीच्या कामांचे नियम कांहींसे सैल, जरूर तेथें पिण्याच्या पाण्याचे टँकर, आणि टंचाईच्या गांवांत शेतीपंपाची वीज न तोडणें. ह्यांतील रोजगार हमी ही कल्पना आमच्याच सांगली जिल्ह्यांतील वि. स. पागे ह्यांची. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून ज्यांनीं चूल पेटती ठेवली, त्यांना तिचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं.

परीक्षाशुल्काविषयीं शिक्षक म्हणून दोन शब्द बोलतों. ही रक्कम शहरांतील घराला किरकोळ वाटेल. परंतु दहावीचा अर्ज भरण्याचे दिवस आणि हातीं पैसा नसण्याचे दिवस एकच असतात. कोरड्या सालीं शुल्काची मुदत जवळ आली कीं वर्गांतील एक-दोन मुली शाळेंत येईनाशा होत, घरीं जाऊन विचारावें तर आई म्हणे, "पुढच्या सालीं बसवूं तिला." तें पुढचें साल बहुधा लग्नाचें निघे. तेव्हां आठ सवलतींतील ही सर्वांत लहान सवलत मला तरी सर्वांत मोठी वाटते. शाळेकडून नांवांची यादी आणि बँकेचें खातें बिनचूक गेलें नाहीं, तर मात्र माफीची रक्कम वाटेंतच अडकते.

कोणी विचारील, कडेगांवाला आतां कालव्याचें पाणी आलें ना? आलें, आणि त्यानें चित्र पुष्कळ पालटलें. कऱ्हाडजवळ टेंभू येथें कृष्णेचें पाणी पंपांनीं उचलून टप्प्याटप्प्यानें वर चढवितात. १९९६ सालीं मान्यता मिळालेल्या ह्या योजनेचें पाणी कडेगांव तालुक्यांतून पुढें खानापूर, आटपाडी आणि सांगोल्याच्या बाजूस जातें. ताकारी योजनेचेंही पाणी तालुक्याच्या कांहीं भागाला मिळतें. परंतु हें पाणी उताराचें नव्हे, विजेचें आहे. पंप चालले तर आवर्तन. आणि बिलाचा वाटा शासनाचा एक्क्याऐंशीं व शेतकऱ्याचा एकोणीस असा ठरलेला असला, तरी तो एकोणीसही गोळा व्हावा लागतो. शिवाय कालव्याच्या खालचें रान ऊंसानें हिरवेंगार आणि कालव्याच्या वरचा माळ उघडा, असें एकाच शिवारांत दिसतें. उपग्रहाला दोन्ही मिळून काय दिसत असेल, ह्याची मला नेहमीं शंका येते.

शेवटीं, ज्यांची जमीन गांवीं आणि बिऱ्हाड शहरांत आहे, त्यांच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. १५ ऑगस्ट २०२१ पासून सात-बाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः भ्रमणध्वनीवरून करावयाची आहे. तिला ई-पीक पाहणी म्हणतात. ती करण्यास प्रत्यक्ष शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावें लागतें, पुण्याच्या गच्चीवरून ती होत नाहीं. मुदतींत ती न केल्यास उरलेलें क्षेत्र सहायकांनीं नोंदवावयाचें असतें; पण सहायक आपल्या बांधावर केव्हां पोहोंचेल ह्याचा भरंवसा धरण्यापेक्षां वाटेकऱ्याला किंवा पुतण्याला आधींच सांगून ठेवावें. पिकाची नोंदच नसेल तर विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी ह्या तिन्ही ठिकाणीं अडतें. दुसरी गोष्ट वारसनोंदीची. अनेकांच्या सात-बाऱ्यावर अजून निवर्तलेल्या वडिलांचें किंवा आजोबांचेंच नांव आहे, आणि अशा नांवावर आलेली मदत कोणालाच उचलतां येत नाहीं. दिवाळीस गांवीं याल तेव्हां मृत्यूचा दाखला आणि वारसांचीं नांवें बरोबर आणावीं. भाऊबीज आटोपून कार्यालयें उघडलीं, कीं परतीची गाडी धरण्यापूर्वीं अर्ज देऊन टाकतां येतो.