आठवणीच्या धातूवर वेगाचा घाव

दात सरळ करायची तार, न मोडणारी चष्म्याची काडी, पायाच्या धमनीतला स्टेंट या सगळ्यांत नायटिनॉल असतो. निकेल आणि टायटॅनियम जवळपास निम्मे-निम्मे घेऊन केलेला हा मिश्रधातू सात-आठ टक्के ताणला, तरी सोडताच मूळ मापावर येतो. मग चिलखतं आणि गाड्यांचे बंपर याचेच का करू नयेत? प्रश्न नवा नाही. १९५९च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत होते, त्यातूनच नायटिनॉल पुढे आला. पण त्याची कीर्ती बरीचशी सावकाश ताणून केलेल्या चाचण्यांवर उभी आहे, आणि आघाताचा हिशेब वेगळा असतो.

ताण वाढला की त्याच्या आतली ऑस्टेनाइट ही अणुरचना बदलून मार्टेन्साइट होते आणि ताण सुटला की परतते. यात अणू लांब भटकत नाहीत, सगळे मिळून जरासे सरकतात. त्यामुळे हा बदल अतिशय झपाट्याने होऊ शकतो. मग घावाच्या वेगाने काय बिघडणार, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्तच आहे. मेख आहे ती उष्णतेत. रचना बदलताना उष्णता बाहेर पडते. सावकाश ताणलं तर ती हवेत निघून जाते. हॉपकिन्सन दांड्याच्या चाचणीत मात्र दोन लांब दांड्यांमध्ये गुंडीएवढा तुकडा धरून दाबलेल्या वायूने तिसरा दांडा आदळवतात, आणि सारा खेळ सेकंदाच्या काही दहाहजारांश भागात आटोपतो. तेवढ्यात उष्णता मिलिमीटरचे काही शतांशच सरकते. तुकडा वीस-तीस अंशांनी तापू शकतो, आणि दर अंशामागे पुढच्या बदलाला लागणारा ताण सहा-सात मेगापास्कलने चढतो. म्हणजे धातू स्वतःच्याच उष्णतेने अडून बसतो.

तरीही अशा चाचण्यांत, विरूपण लहान असेल तर, तो पूर्ववत होताना दिसतो. घाव आणखी वेगाचा झाला की रचनाबदलाला लागणारा ताण इतका चढतो, की त्याआधी अणूंचे थर एकमेकांवरून घसरणं सोपं पडतं. हे थर मग तापवूनही जागेवर येत नाहीत. गोळीच्या माऱ्यासाठी ‘आठवणीचा धातू’ हे बिरुद म्हणूनच फसवं आहे.

म्हणजे धातू कुचकामी ठरतो का? मुळीच नाही. इटलीत त्रिन्यानो इथल्या सान जॉर्जो चर्चचा घंटामनोरा १९९६च्या भूकंपात तडकला. दुरुस्ती करताना त्याला उभे ताणदांडे आणि त्यांच्या जोडीला नायटिनॉलची साधनं बसवली. २०००च्या भूकंपात मनोऱ्याला इजा झाली नाही. भूकंपाचा एक हेलकावा सेकंदाचा बराच भाग खातो, आघातापेक्षा हजारो पटींनी सावकाश. तरी तिथेही सगळी उष्णता निसटत नाही आणि धातूची हादरे जिरवण्याची ताकद घटते. तेव्हा अशा साधनांची चाचणी भूकंपाच्याच वेगाने घ्यावी लागते, नाहीतर कागदावरचा आकडा मनोऱ्यात मिळत नाही.