गोव्यातील खाणकामामुळे होणारे जलप्रदूषण

गोव्यातील खाणजन्य जलप्रदूषण प्रामुख्याने डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांतील लोहखनिजाच्या उघड्या खाणींमुळे उद्भवते.

कारणे

एक टन खनिजामागे साधारणतः अडीच ते तीन टन टाकाऊ माती व दगड निघतात. पावसाळ्यात त्यांच्या ढिगांवरील गाळ ओहोळांतून शेतांत आणि मांडवी व जुवारी नद्यांच्या पात्रांत उतरतो. भूजलपातळीखाली गेलेल्या खाणींतून पाणी सतत उपसावे लागते. त्यामुळे भोवतालच्या विहिरी आटतात.

नियमन

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार सांडपाणी सोडण्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आवश्यक असते. तथापि, ढिगांवरून वाहणाऱ्या गाळाला तपासणीयोग्य असे एकच निर्गमस्थान नसते. शहा आयोगाच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली आणि भाडेपट्ट्याच्या क्षेत्राबाहेर टाकाऊ माती टाकण्यास मनाई केली. अशा रीतीने सांडपाण्याबरोबरच उत्खननाचे प्रमाण व ढिगांची जागा यांवरही नियंत्रण आले. खाणकाम थांबले तरी उघडे ढीग धुपत राहतात. म्हणून त्यांवर वृक्षलागवड करणे आणि गाळ अडवणारे बांध व तलाव राखणे आवश्यक ठरते.