पुठ्ठ्याचं मिग-२१

बालमित्रांनो, ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी तुमच्यापैकी किती जणांनी केली आहे? आपल्या परभणी जिल्ह्यात हा प्रश्न म्हणजे 'पोहायला कोणाकोणाला येतं' असं नदीकाठच्या गावात विचारण्यासारखाच! सुगी झाली की धांडे गोळा करायचे, सोलायचे, भेंडाचे तुकडे करायचे आणि चाकं, आख, साटी, जू असं सगळं जोडून गाडी उभी करायची. खऱ्या गाडीत जे जे असतं ते ते लहान करून जिथल्या तिथं बसवायचं. यालाच प्रतिकृती म्हणतात. इंग्रजीतला शब्द तुम्हाला माहीतच आहे, मॉडेल!

म्हणजे प्रतिकृती करणं तुम्हाला येतंच. आज त्याच हातांनी आपण जरा मोठं काम करू. एक लढाऊ विमान करू. तेही तळहातावर मावणारं नाही, चांगलं सव्वा-दीड मीटर लांब! विमानाचं नाव आहे मिग-२१.

मिगच का?

एक तर हे विमान आपल्या महाराष्ट्रात तयार झालं. मूळ विमान रशियाचं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचं. १९६३ साली ते आपल्या हवाई दलात आलं. चंदीगडला त्याची पहिली तुकडी उभी राहिली. तिचे प्रमुख होते विंग कमांडर दिलबाग सिंग. पुढे ते सगळ्या हवाई दलाचे प्रमुख झाले. मिग आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगानं उडे. ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर! म्हणजे मिनिटाला सुमारे पस्तीस किलोमीटर. परभणीवरून निघालं तर मिनिटाच्या आत पूर्णा मागे पडेल!

ही विमानं कायम बाहेरूनच आणायची का? नाही. म्हणून १९६४ साली नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा, म्हणजे एचएएलचा कारखाना सुरू झाला. विमानाचं धड आणि पंख ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रं हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. सुरुवातीला रशियातून तयार भाग यायचे आणि ओझरला ते जोडले जायचे. मग हळूहळू एकेक भाग इथंच घडू लागला. आधी जोडायला शिकायचं, मग घडवायला शिकायचं. तुम्ही तरी दुसरं काय करता? मिग-२१ ची सहाशेहून अधिक विमानं अशी भारतात तयार झाली.

१९७१ च्या युद्धात १४ डिसेंबरला याच विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला. दोनच दिवसांनी, १६ डिसेंबरला, पाकिस्तानी सैन्यानं तिथं शरणागती पत्करली. असं हे विमान ६२ वर्षं सेवा करून २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच निवृत्त झालं. आता ते आकाशात दिसणार नाही. दिसेल ते दिल्लीच्या पालम इथल्या हवाई दल संग्रहालयासारख्या ठिकाणी, नाहीतर तुम्ही केलेल्या प्रतिकृतीत! म्हणून प्रतिकृती खरी हवी. मनानं वाटेल तसं कापून चालणार नाही.

आधी गणित, मग कात्री

आपण प्रमाण घेऊ १:१०. म्हणजे खऱ्या विमानातला एक मीटर आपल्याकडे दहा सेंटिमीटर. दशांश चिन्ह सरकवायचं, की झालं!

मिगच्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा पसारा ७.१५ मीटर. आपला झाला ७१.५ सेंटिमीटर. उंची सुमारे ४.१ मीटर, आपली ४१ सेंटिमीटर. हवा आत घेणाऱ्या तोंडापासून मागच्या धुराड्यापर्यंतचं धड साधारण सव्वाबारा मीटर, आपलं सुमारे १२२ सेंटिमीटर. धडाची जाडी सव्वा मीटरच्या आसपास, आपली साडेबारा सेंटिमीटर. नाकापुढं निघालेली लांब नळी आणि मागं झुकलेली शेपटी धरली, की एकूण लांबी पावणेसोळा मीटरपर्यंत जाते. वर्गातली दोन बाकं एकमेकांना लावून ठेवा, नाहीतर नळी हवेत लोंबकळेल!

आता पंख. मिगचा पंख त्रिकोणी आहे. धडाला चिकटणारी बाजू ५० सेंटिमीटर घ्या. पंखाची मागची कड धडाशी काटकोनात, साडेएकोणतीस सेंटिमीटर. पुढची कड धडाशी ३३ अंशांचा कोन करते. कंपासपेटीतला कोनमापक काढा पाहू! टोकाला पंख एकदम अणकुचीदार नाही. तिथं साडेचार सेंटिमीटरची बोथट कड ठेवा. दोन पंख आणि मधलं धड यांची बेरीज करा. साडेएकोणतीस, साडेबारा आणि पुन्हा साडेएकोणतीस. आलं ना ७१.५?

बाकीची मापं कुठून आणायची? फोटोवरून! बरोबर बाजूनं काढलेला मिगचा फोटो शोधा आणि त्याची झेरॉक्स अशी मोठी करून घ्या, की त्यात धड सव्वाबारा सेंटिमीटर भरेल. मग फोटोतला एक मिलिमीटर म्हणजे तुमच्या प्रतिकृतीतला एक सेंटिमीटर. शेपटी फोटोत किती मिलिमीटर उंच आहे? तेवढेच सेंटिमीटर कापा. त्रैराशिक ते हेच!

एक गंमत सांगतो. लांबी दहापट कमी केली, तर वजन किती पट कमी होईल? दहापट? नाही. दोन सेंटिमीटरचा एक ठोकळा करायला एक सेंटिमीटरचे आठ ठोकळे लागतात, करून बघा. तसंच इथं आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहापट कमी झाल्या, म्हणजे आकारमान हजारपट कमी झालं. सगळी तयारी केलेलं खरं मिग सुमारे साडेआठ टनांचं. त्याच धातूची भरीव-पोकळ सगळी नक्कल केली, तर ती भरेल साडेआठ किलो!

सांगाडा आणि कातडी

किराणा दुकानातून खोक्यांचा जाड पुठ्ठा मागून आणा. थर्माकोल नको. त्याचा कचरा वर्षानुवर्षं कुजत नाही.

पुठ्ठ्याच्या अकरा चकत्या कापा आणि बारा-बारा सेंटिमीटरवर उभ्या करा. मधल्या चकत्या साडेबारा सेंटिमीटर व्यासाच्या. पुढं तोंडाकडे त्या लहान करत नऊ सेंटिमीटरपर्यंत आणा. चकत्यांच्या कडेला चार खाचा पाडून त्यांत बांबूच्या लांब कामट्या बसवा. हा झाला सांगाडा. खऱ्या विमानातही अशाच कड्या आणि लांब पट्ट्या असतात. त्यांच्यावर पातळ पत्रा बसवतात. आपण पत्र्याऐवजी ड्रॉइंग शीट गुंडाळू. पट्टी किती लांब कापायची? व्यास गुणिले ३.१४, म्हणजे साधारण ३९ सेंटिमीटर, आणि चिकटवायला एक जास्तीचा. चिकटवायला कणकेची खळ चालते, जोडावर मात्र फेविकॉल लावा. पंखात एक कामटी घालून ती धडातून आरपार न्या, म्हणजे पंख लोंबणार नाहीत. कटर चालवताना घरातलं मोठं माणूस शेजारी हवं, हे सांगायला नकोच.

"तू इथं कशाला?"

इथवर आलात, की विमानाचा आकार दिसायला लागतो. बरीच मुलं इथंच थांबतात, चंदेरी रंग फासतात आणि मोकळी होतात. पण खरी मजा पुढंच आहे. फोटोतली एकेक बारीक वस्तू बघायची आणि तिला विचारायचं, "तू इथं कशाला?" उत्तर मिळालं, की ती वस्तू हातून आपोआप नीट होते.

तोंडाच्या मधोमध सुळका दिसतो, तो शोभेचा नाही. आवाजापेक्षा जास्त वेगानं येणारी हवा इंजिनाला सोसत नाही. सुळका तिचा वेग आधीच कमी करतो. वेगाप्रमाणे तो मागंपुढं सरकतो आणि त्याच्या पोटात रडार बसवलेलं असतं. म्हणून पुठ्ठ्याचा शंकू तोंडाला चिकटवून टाकू नका, सरकता ठेवा.

नाकापुढची लांब नळी हवेचा दाब मोजते. त्यावरून विमानाचा वेग कळतो. ती इतकी पुढं का? विमानानं ढवळलेली हवा नको, कोरी हवा हवी म्हणून. पऱ्हाटीची सरळ काडी किंवा छत्रीची तार इथं छान बसते.

पंखावर टोकाजवळ एक छोटीशी उभी भिंत असते. मागं झुकलेल्या पंखावरची हवा टोकाकडे घसरायला बघते, तिला ही भिंत अडवते. शेताच्या बांधासारखीच की!

शेपटीच्या बुडाशी एक डबी दिसेल. तिच्यात हवाई छत्री असते. मिगचे पंख लहान आणि पातळ, त्यामुळे उतरतानाही त्याला ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेग ठेवावा लागे. मग धावपट्टीवर थांबवायचं कसं? मागं छत्री सोडून! जुन्या रेशमी कापडाची छत्री करून डबीत घडी घालून ठेवा.

पंखांखालची चाकं सुमारे ८० सेंटिमीटरची, म्हणजे आपली आठ. वैमानिकाच्या खोलीची काच पाण्याच्या बाटलीतून कापा. पत्र्यांचे जोड दाखवायला संपलेली रिफिल पट्टीच्या कडेनं दाबून ओढा. धुराड्याजवळ पेन्सिलीची भुकटी बोटानं चोळा, म्हणजे जळल्यासारखा रंग येतो. हवाई दलाचं गोल चिन्ह काढताना बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा, हा क्रम चुकवू नका.

सगळ्यात शेवटी स्वतःची उंची मोजा आणि दहानं भागा. तुम्ही १४० सेंटिमीटर असाल, तर १४ सेंटिमीटरची पुठ्ठ्याची बाहुली करून विमानाशेजारी उभी करा. खऱ्या मिगजवळ तुम्ही किती मोठे दिसला असता, ते लगेच कळेल.

छत्री सांगते ती गोष्ट

त्या छोट्या छत्रीजवळ थोडं थांबू या. उतरतानाचा एवढा वेग म्हणजे वैमानिकाच्या हाताशी वेळ फार थोडा. आपल्याकडे बरीच वर्षं तरुण वैमानिक कमी वेगाच्या शिकाऊ विमानावरून एकदम मिग-२१ वर जात. मधली पायरीच नव्हती. इतक्या वर्षांत शेकडो मिग कोसळली आणि कितीतरी तरुण वैमानिकांचे प्राण गेले.

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हे त्यांपैकी एक. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात ते गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि वडील, निवृत्त विंग कमांडर अनिल गाडगीळ, रडत बसले नाहीत. वैमानिकांच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी आवाज उठवला, आणि पुढे जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणाऱ्या सिम्युलेटरच्या कामात ते उतरले. सिम्युलेटर म्हणजे तरी काय? विमानाच्या आतल्या खोलीची प्रतिकृतीच! तिच्यात चूक झाली तर माणूस मरत नाही, शिकतो. २००८ साली आपल्या शेजारच्या बीदरला हॉक ही शिकाऊ जेट विमानं आली आणि ती मधली पायरीही तयार झाली.

तेव्हा प्रतिकृती म्हणजे नुसता खेळ, असं कोणी म्हणालं तर त्यांना हे सांगा. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत वाऱ्याचा बोगदा आहे. विमान उडण्याआधी त्याची लहान प्रतिकृती तिथं जोरदार वाऱ्यात धरून तपासतात. दोष आधी प्रतिकृतीत सापडला, तर वैमानिक वाचतो.

पालकांसाठी दोन शब्द

"गुरुजी, यानं मार्क वाढतील का?" असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. वर्षभराची फी आणि पुस्तकं जमवताना काय ओढाताण होते, ती दिसते आम्हाला. मी एवढंच सांगेन, की या एका विमानात गुणोत्तर, कोन, परीघ, घनफळ आणि हवेचा दाब हे सगळं येतं. आणि पाठ केलेलं विसरतं, हातानं केलेलं सहसा विसरत नाही. खर्च म्हणाल तर फेविकॉल, रंग आणि ड्रॉइंग शीटचा. लागेल तो वेळ. मे महिन्याची सुट्टी पुरे. एक पंख वाकडा झाला म्हणून रागावू नका. तो पुन्हा कापायला मुलगा किंवा मुलगी स्वतःहून बसली, तर धडा झालाच समजा. आणि पुढं गोडी वाढली, तर एनसीसीच्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती करायला शिकवतात, हेही लक्षात ठेवा.

ओझरच्या ज्या कारखान्यात मिग घडलं, तिथं आज भारतात आखलेलं तेजस विमान तयार होतं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या पहिल्या तेजसनं उड्डाण केलं. जोडण्यापासून सुरुवात झाली होती, आता आखणीही आपली आहे.

तर मुलांनो, विमान पूर्ण झालं की त्याच्याखाली एक पाटी लावा. 'मिग-२१, भारतीय हवाई दल, १९६३ ते २०२५. प्रमाण १:१०.' खाली तुमचं नाव आणि गाव.

आणि जाता जाता एक कोडं. मिगच्या धडाखाली, मागच्या बाजूला, माशाच्या परासारखी एक उभी पट्टी असते. ती मी मुद्दामच सांगितली नाही. तिला तुम्हीच विचारा, "तू इथं कशाला?"