मालवाहू पिकअपचे मागील डिफरन्शियल : तेलाची तपासणी आणि बदल

शेतमाल, दूध, बांधकामाचे साहित्य आणि घरगुती सामान यांची अल्प अंतराची वाहतूक देशात मोठ्या प्रमाणावर पिकअप व छोट्या मालवाहू वाहनांतून होते. यांपैकी पुष्कळशी वाहने कर्जावर घेतलेली असून मालकच चालक असतो. वाहन चार दिवस उभे राहिले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. इंजिनाच्या तेलाकडे तो सहसा लक्ष देतो. मागील आसाच्या मध्यभागी असलेल्या फुगीर पेटीतील तेल मात्र विस्मरणात जाते. गॅरेजमध्ये ‘क्राऊन-पिनियन’ म्हणून ओळखली जाणारी यंत्रणा ती हीच.

तिचे कार्य समजून घेणे उपयुक्त ठरेल. वाहन वळताना बाहेरील चाकास अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांमधील अंतर १.४ मीटर धरल्यास पूर्ण वर्तुळात हा फरक २ × ३.१४ × १.४, म्हणजे सुमारे ८.८ मीटर येतो. विशेष म्हणजे वळणाची त्रिज्या कितीही असली तरी तो बदलत नाही. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर बसवली असती तर एक चाक रस्त्यावर घासत गेले असते. चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देत दोहोंना समान पीळबल पोहोचविणारी दंतचक्रांची रचना म्हणजे डिफरन्शियल. एक चाक चिखलात रुतले की ते जागीच गरगरते आणि दुसरे स्थिर राहते, याचे कारणही या समान वाटपातच आहे. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहिल्यास आतील लहान दंतचक्रे आपल्या पिनवर अतिवेगाने फिरतात व तेथील तेलाचा थर नाहीसा होतो.

या पेटीला साधे तेल चालत नाही. बहुतेक पिकअपमध्ये पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्याच्या खाली असतो. या हायपॉइड रचनेत दात एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घसरतात. त्यासाठी गंधक व फॉस्फरसयुक्त रसायने मिसळलेले, सामान्यतः जीएल-५ प्रतीचे गिअर ऑइल वापरतात. त्याचा उग्र वास याच गंधकाचा. डब्यावरील ‘८०डब्ल्यू-९०’ या खुणेतील पहिला आकडा थंडीतील, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसला असणारी घट्टता दर्शवितो. प्रत, प्रमाण व बदलाचे अंतर यांबाबत निर्मात्याची पुस्तिका हाच अंतिम आधार होय. जीएल-५ ‘अधिक चांगले’ म्हणून सरसकट गिअरबॉक्समध्ये ओतण्याची पद्धत मात्र चुकीची आहे, कारण त्यातील काही रसायने तेथील पितळी सिंक्रोनायझर रिंगांना अपायकारक ठरू शकतात.

तपासणीसाठी वाहन सपाट जागेवर उभे करून चाकांना अडण्या लावाव्यात. पेटीच्या बाजूचा भरण्याचा नट उघडल्यावर तेल छिद्राच्या खालच्या कडेला टेकलेले असणे अपेक्षित आहे. बोटाला दुधाळ तेल लागले तर पाणी शिरले आहे. अंगावर पाणी घेऊन ओढे-नाले ओलांडणाऱ्या वाहनांत हे विशेषतः आढळते. चुंबकीय ड्रेन नटावरील बारीक करडी भुकटी स्वाभाविक झिजेची असते, पण चकत्या किंवा दातांचे तुकडे दिसल्यास पेटी उघडावीच लागते.

तेल बदलताना वाहन थोडे चालवून आणावे, म्हणजे कोमट तेल गाळासह निघते. प्रथम भरण्याचा नट सैल करावा. जुने तेल सोडून दिल्यावर हा नट गंजून अडकल्याचे कळले, तर वाहन जागेवरून हलविता येत नाही. काही पेट्यांना ड्रेन नट नसतो. तेथे मागील झाकण काढून, नवे पॅकिंग लावून बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळावे लागतात. ताजे तेल हातपंपाने, छिद्रातून ओघळू लागेपर्यंतच भरावे. जादा भरलेले तेल, किंवा ब्रीदर तुंबल्यामुळे वाढलेला दाब, सीलमधून तेल बाहेर ढकलतो. ते ब्रेक ड्रमपर्यंत पोहोचल्यास घाटात भरलेले वाहन थांबविणे कठीण होते. ब्रीदर साफ करण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत, तरी हे काम सर्वाधिक वेळा राहून जाते.

निघालेल्या तेलाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. अनेक ठिकाणी ते सेंट्रिंगच्या फळ्यांना फासतात, भट्टीत जाळतात वा गटारात सोडतात. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील १९८९ चे आणि त्यानंतर २००८ व २०१६ चे घातक कचऱ्याविषयीचे नियम याच्याशी संबंधित आहेत. २०२३ मधील दुरुस्तीने वापरलेल्या तेलासाठी उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची तरतूद केली. ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. वापरलेले तेल पुनर्शुद्धीकरणाने पुन्हा मूळ तेलात रूपांतरित करता येते. मात्र त्यासाठी ते रस्त्याकडेच्या गॅरेजमधून वेगळ्या डब्यात, पाणी व ब्रेक ऑइल न मिसळता, अधिकृत संकलकाकडे जावयास हवे. ही साखळीतील सर्वांत कच्ची कडी आहे.

विजेवर चालणाऱ्या मालवाहू वाहनांत इंजिन तेल लागत नाही. परंतु एकाच मोटारीने दोन चाके फिरवायची असल्यास त्यांतही गती कमी करणारी दंतचक्रे व डिफरन्शियल असते, आणि त्या पेटीत तेलही असते.