मालकाच्या पैशाला मुदत किती?

सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर 2019 मध्ये मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला, तेव्हा क्लबच्या खात्यात इंडियन सुपर लीगचं (आयएसएल) एकही विजेतेपद नव्हतं. पुढच्याच वर्षी एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले, त्यांच्यापाठोपाठ अहमद जाहू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई हे त्यांचे जुने खेळाडूही. मार्च 2021 मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याला झालेल्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने 90व्या मिनिटाला गोल केला आणि अव्वल स्थानाबरोबर चषकही मुंबईला मिळाला. पैशाने महत्त्वाकांक्षा वाढते ती अशी. मात्र त्यासाठी गोव्याचा कणा मोडला, हेही खरं.

पण ही महत्त्वाकांक्षा मालकाची असते, क्लबला ती उसनी मिळते. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. 2010 मध्ये कंपनीचं धोरण बदललं आणि संघ मिटला. एफसी पुणे सिटीने 2017-18 मध्ये उपांत्य फेरी गाठली, 2019 मध्ये क्लबच उरला नाही. जागा हैदराबादला गेली. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या चाहत्याला सर्वांत जवळचा आयएसएल संघ तोवर पुण्याच्या बालेवाडीत होता. आपला म्हणावा असा संघ त्याने मग आणखी दूर शोधायचा! धनिक नसते तर हे क्लब उभेच राहिले नसते, हा आक्षेप रास्त आहे. कोल्हापूरच्या पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाला राष्ट्रीय लीग जिंकता आलेली नाही. तरीही तालीम पेठेची आहे, एका मालकाने हात काढला म्हणून ती बंद पडत नाही. म्हणून मालकाला संघ देताना मैदान आणि युवा संघ यांची दीर्घ मुदतीची हमी आधी लिहून घ्यायला हवी.