हिरवी कॉफी आणि दादाची गोळी

दादाच्या ओट्यावर चहाच्या डब्याशेजारी हिरवट पुडीची बरणी दिसली, तेव्हा मला वाटलं, मेथ्यांची पूड असेल. आमच्याकडे मधुमेह वडिलोपार्जित. सातबाऱ्यावर जमीन फारशी उतरली नाही, साखर मात्र सगळ्या भावंडांच्या नावावर चढली! कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, सगळं करून झालेलं. या वेळी होती ग्रीन कॉफी. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मित्रानं आणून दिलेली.

"अगं, झाडाची वस्तू आहे. अपाय कसला? गोळ्या म्हणजे नुसती रसायनं," दादा म्हणाला. तो बाहेर गेल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "दोन महिने झाले, गोळी बंदच केलीय."

माझ्या पोटात धस्स झालं. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं असल्यानं नुसतं रागावणं जमेना. म्हटलं, आधी वाचून तरी बघू.

कॉफीचं बी मुळात हिरवटच असतं. आपल्या चिखलदऱ्याच्या मळ्यांतलंही तसंच. भाजलं की ते तपकिरी होतं, घमघमतं. पण त्यातलं क्लोरोजेनिक आम्ल बरंचसं नाश पावतं. न भाजलेल्या बियांच्या अर्कात ते टिकतं. या आम्लामुळे आतड्यातून साखर शोषली जाण्याचा आणि यकृतातून ती रक्तात सोडली जाण्याचा वेग मंदावत असावा, असं प्रयोगशाळेतल्या कामावरून वाटतं. काही छोट्या चाचण्यांत माणसांची उपाशीपोटीची साखर थोडी उतरलीही. म्हणजे दादाचा मित्र अगदीच थापा मारत नव्हता.

पण 'थोडी' हा शब्द महत्त्वाचा. २००२ साली हॉलंडमधल्या सतरा हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सात किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांना टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका, दोन किंवा कमी कप पिणाऱ्यांच्या मानानं निम्मा दिसला. ही मंडळी पीत होती ती नेहमीची, भाजलेली कॉफी. शिवाय मधुमेह न होणं वेगळं आणि झालेला आटोक्यात आणणं वेगळं. उलट कॅफिनमुळे काही मधुमेहींची साखर तात्पुरती वाढते.

मग हिरव्या कॉफीचा एवढा गवगवा कशानं झाला? २०१२ साली अमेरिकेत डॉ. मेहमेत ओझ यांनी दूरदर्शनच्या कार्यक्रमातून तिची वजन उतरवण्यासाठी भलामण केली. तिला आधार होता आपल्याच बंगळुरूमध्ये झालेल्या एका अभ्यासाचा. त्यात माणसं किती? सोळा! २०१४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं आरोप केला, की त्या अभ्यासात लोकांच्या वजनाचे आकडे पुनःपुन्हा बदलले गेले होते. अभ्यासाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीनं ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी तो शोधनिबंध मागे घेतला गेला. बरण्या मात्र दुकानांत राहिल्या.

हे सगळं दादाला सांगितलं. तो उठला आणि मला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. त्यावर साखरेचे आकडे लिहिलेले. १२६, १३१, १२८. "बघ!"

"आणि मधल्या तारखा कोऱ्या का रे?"

"त्या दिवशी जास्त आली होती. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं होतं ना!"

मला हसावं की रडावं कळेना. बंगळुरूचे आकडे कुणी बदलले असतील ते असोत. आमच्या भिंतीवरचे तर दादानं स्वतःच निवडून काढले होते. एका सकाळची साखर म्हणजे एका चेंडूवरची धाव. साऱ्या मोसमाचा हिशेब हवा, तर दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करायची. ती केली. आधी ७.१ होती, आता ८.४ निघाली.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "काका, कॉफी आवडत असेल तर प्या. बेताची आणि बिनसाखरेची. अर्क घ्यायचा असेल तर मला विचारून. गोळीबरोबर साखर एकदम खालीही जाऊ शकते. आणि गोळी बंद करायची का, ते मी सांगेन." मग हसून म्हणाले, "बाय द वे, तुमची ही मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा झाडाच्याच घराण्यातली. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीपासून तिचा शोध सुरू झाला. फक्त तिचं माप ठरलंय आणि लाखो माणसांवर तिची परीक्षा झालीय. १९५७ पासून!"

दादा परतीच्या वाटेवर गप्पच होता. बरणी अजून ओट्यावर आहे, पण शेजारी गोळ्यांची डबीही आली आहे. परवा गेले, तर कॅलेंडरवर एकही तारीख कोरी नव्हती. एका चौकोनात लिहिलं होतं : १९२, पुरणपोळी.

तो आकडा वाचून मला पहिल्यांदा हायसं वाटलं.